उशिरा वर गेलेला हात

हात तिचाच होता, त्यात काही वाद नाही. उजवा हात, बाहीचं एक बटण सकाळीच तुटलेलं, आणि तो चांगला कोपरातून ताठ वर गेलेला. डाव्या हातात गीतांचं पुस्तक होतं, अंगठा पानांत अडकलेला. तिनं मान वर केली तेव्हा आधी छताचा पंखा दिसला, मग समोर उभे असलेले पाहुणे अध्यक्ष दिसले, बोलता बोलता थांबलेले, आणि मग हळूहळू लक्षात आलं की सबंध खोलीत वर असलेला हात हा एकच आहे. बाकीचे वीसही जण आपापले हात मांडीवर ठेवून तिच्याकडे बघत होते.

टायरच्या दुकानावरचा तो हॉल भाड्याचा. रविवारी दुकान बंद असलं तरी रबराचा वास जिन्यातून वर यायचाच, आणि नवा माणूस आला की आधी नाक मुरडायचा आणि मग हात मिळवायचा. बाहेरचे लोक त्यांना मॉर्मन म्हणत. त्यांचं स्वतःचं नाव इतकं लांबलचक की दारावरच्या पाटीवर ते तीन ओळींत बसवावं लागलं होतं. आपापसात ते नुसतं मंडळी म्हणत, आणि कागदोपत्री शाखा. बँकेची असते तशीच, असं ती दवाखान्यात कुणी विचारलं की सांगायची, फक्त आमच्याकडे रांग नसते. खुर्च्या बत्तीस, माणसं एकवीस. पगारी धर्मगुरू वगैरे भानगड नाही, सगळी कामं एकमेकांत वाटलेली. कुणी मुलांना शिकवायचं, कुणी खुर्च्या मांडायच्या, कुणी आजाऱ्यांच्या घरी जाऊन यायचं. तिच्याकडे गाणं होतं. पियानो नव्हता. तिनं पुढे उभं राहून उजव्या हातानं ताल द्यायचा आणि बाकीच्यांनी जमेल तसं गायचं, ही पद्धत. आणि कुणावर नवं काम सोपवायचं तर त्याचं नाव सगळ्यांसमोर घेतलं जाई. पाठिंबा असेल त्यांनी उजवा हात वर करावा, असं म्हणत, सगळे करत. मग म्हणत, कुणाचा विरोध असल्यास तसाच हात वर करून दाखवावा. हे दुसरं वाक्य म्हणायचं म्हणून म्हणायचं. इतक्या वर्षांत त्या वाक्यानंतर पंख्याखेरीज कुणाचा आवाज आला नव्हता.

आणि आज नाव निघालं होतं ते तिच्या सख्ख्या धाकट्या भावाचं. शाखेचा अध्यक्ष म्हणून. जुने अध्यक्ष मुलीकडे दुसऱ्या शहरात राहायला निघाले होते, आणि त्यांच्या जागी बसेल असा माणूस मंडळीत दुसरा नव्हता. तो मिळाला नाही तर हा हॉल सोडून सगळ्यांनी दीड तासावरच्या, पाहुणे अध्यक्ष जिथून आले होते त्या मोठ्या मंडळीत जायचं, असं वरून ठरल्यासारखंच होतं. हे तिला माहीत होतं. नाव निघणार हेही माहीत होतं. ती फक्त पुढच्या गीताचं पान शोधत होती, पानं चिकटली होती, पहिला प्रश्न कानावरून गेला, आणि दुसऱ्यातले 'हात वर' हे दोन शब्द तेवढे आत शिरले. वीस वर्षांच्या सवयीचा हात तो, तो कशाला विचारायला थांबतोय. पाहुण्यांनी एकदा हातातल्या कागदाकडे पाहिलं, पुढे काय करायचं ते तिथे लिहिलेलं असावं तसं. मग नियमाप्रमाणे म्हणाले, नोंद घेतली आहे, सभा झाल्यावर आपण भेटू. भाऊ समोरच्या खुर्चीत बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होता. तिनं हात खाली घेतला. आणि लगेच उठून, सगळ्यांसमोर उभं राहून, त्याच हातानं ताल द्यावा लागला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते तिला त्या चार कडव्यांत नीट कळलं.

सभेनंतर मुलांच्या वर्गाच्या खोलीत पाहुणे एका बुटक्या खुर्चीत गुडघे हनुवटीपाशी घेऊन बसले होते. ती म्हणाली, चुकून झालं, पान शोधत होते. त्यांचा जीव भांड्यात पडला. ते हसायलाच लागले, म्हणाले की अहो, मग काही प्रश्नच नाही, असं होतं कधीकधी. असं कधीच होत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. पण भाऊ दारात उभा होता. साडेसहा फूट माणूस, घरी त्याला बारक्या म्हणत. तो आत आला नाही. पाहुण्यांना म्हणाला की असं चालणार नाही, पुढच्या रविवारी पुन्हा विचारा, तोवर मी ती जबाबदारी घेणार नाही. आणि मग तिच्याकडे वळून म्हणाला, "भगिनी, तुम्हाला आठवडा आहे. नीट विचार करा."

तुम्ही. भगिनी. हॉलमध्ये सगळेच एकमेकांना बंधू आणि भगिनी म्हणत, तशी रीतच होती, आणि तोही तिला वीस वर्षांहून जास्त काळ तसंच म्हणत आला होता. त्यात नवीन काही नव्हतं. पण घरी जाताना बसच्या दांड्याला धरलेल्या उजव्या हाताकडे बघता बघता तिच्या मनात आलं, या माणसाला त्या खोलीत अकरा बहिणी आहेत आणि त्यातली मी एक. आणि घरी? घरी तो आला की 'अगं' वर भागवायचा. अगं, ऐकलंस का. अगं, चावी ठेवलीय. ताई हा शब्द त्याच्या तोंडून शेवटचा कधी ऐकला ते आठवायला लागली तर बस दोन थांबे पुढे निघून गेली, आणि ती उलटी चालत आली.

सोमवारी दवाखान्यात तेवीस एक्स-रे होते. इथे उभे राहा, हनुवटी वर, श्वास घ्या, रोखा, सोडा. हात असा ठेवा, हलवू नका. दिवसभर लोकांचे हात सरळ करून ठेवण्याचंच तिचं काम, आणि स्वतःचा एक हात काबूत ठेवता आला नाही, असं मनात येऊन तिला हसूही आलं. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा तिनं कपाटातून स्वतःची जुनी फिल्म काढली. आठ वर्षांपूर्वी जिन्यात घसरून उजवं मनगट मोडलं होतं, त्याचं प्लास्टर काढल्यानंतरची. उजेडाच्या पेटीवर लावून बघत बसली. सत्तावीस हाडं, सगळी जागच्या जागी, सांधा छान जुळलेला. राग म्हणून काही दिसत नव्हतं. पण मग तो हात इतका ताठ कसा गेला होता? पाठिंब्याला ती नेहमी अर्धवटच वर करायची, कानापर्यंत, बसमध्ये ओळखीच्या माणसाला करतात तसा. हा कोपरातून वर गेला होता. हे कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण तिच्या आलं होतं, आणि पाहुण्यांना चुकून म्हणताना जीभ जड झाली होती ती त्यामुळे. चूक होतीच. पण चुकीत काहीतरी मिसळलेलं होतं, आणि ते काय ते शोधल्याशिवाय पुढच्या रविवारी हात वर केला तर तो खोटा हात होईल. तिला खोटं अजिबात जमत नसे. म्हणून तर लोक तिला जरा टरकून असत.

मंडळी मात्र तिच्याशी इतकं गोड वागायला लागली की जीव नकोसा झाला. मंगळवारी भावजयीनं घरी पाव पाठवला. स्वतः भाजलेला, वर चिठ्ठी नाही, काही नाही. बुधवारी बायकांचं गोधड्या शिवायचं असे, इस्पितळातल्या तान्ह्या बाळांसाठी, तर तिथे कात्री मागितली की दोघीतिघी एकदम पुढे करत, आजाऱ्याला औषध देतात तशा हळुवार हातांनी. कुणी विषय काढेना. हवेबद्दल बोलून झालं, टाक्यांबद्दल बोलून झालं. शेवटी सत्तरी ओलांडलेल्या मास्तरीणबाईंनीच दोरा दातांनी तोडला आणि म्हणाल्या, "मला विचारशील तर बरं झालं. चाळीस वर्षं मी तो प्रश्न ऐकतेय, उत्तर पहिल्यांदा ऐकलं." सगळ्या शिवणावर वाकल्या, कुणाचे तरी खांदे हलत होते. मग बाई तिच्या कानाशी येऊन म्हणाल्या, पण तो विरोध अध्यक्षाला होता की भावाला, तेवढं एकदा ठरव. तिनं रीळ ओढलं. सुईत दोरा ओवताना तीनदा चुकला.

भावालाच. त्यात ठरवायचं काय होतं. तो एकवीस वर्षांचा होता, पांढरा शर्ट आणि टाय लावून समुद्रापलीकडच्या कुठल्याशा शहरात दारोदार धर्म सांगत फिरत होता, दोन वर्षांसाठी, त्यांच्यातली बरीच तरुण मुलं जातात तसा. आठवड्याला एक पत्र. आज चौदा दारं, त्यांतली तीन उघडली, एकीनं पाणी दिलं. आई ती पत्रं मोठ्यानं वाचायला लावायची आणि उघडलेल्या दारांची संख्या शेजाऱ्यांना सांगायची. मग आईला खोकला लागला. ती तेव्हा नुकती दवाखान्यात लागलेली, तिनंच आईला मशीनसमोर उभं केलं, हनुवटी वर करून दिली, आणि आत काचेमागे जाऊन सवयीनं म्हणाली, श्वास घ्या, रोखा. आई श्वास रोखायचा सोडून हसायलाच लागली. मला कसलं गं अहो-जाहो करतेस, म्हणाली. फिल्म हलली, दुसरी काढावी लागली. आणि ती दुसरी ओली फिल्म उजेडाला धरल्यावर डॉक्टरांच्या आधी तिला ते दिसलं, डाव्या बाजूला, मुठीएवढं. बाहेर आई बाकावर बसून कोटाची बटणं लावत होती. झालं का चांगलं, असं तिनं विचारलं. हो, छान आलंय, असं ती म्हणाली. तेवढं एक खोटं तिच्या नावावर आहे, आणि ते तिनं कधी कुणाला सांगितलेलं नाही.

पुढे पाच महिने. उशा बदल, चादर बदल, भांडं दे, भांडं ने. दवाखाना दिवसा आणि घर उरलेल्या वेळात. एका माणसाबरोबर लग्नाचं जवळजवळ ठरत आलं होतं, ते आपोआप राहून गेलं, कुणी मोडलं नाही की काही नाही. आई अगदी शेवटाला आली तेव्हा तिनं फोन लावला, तिकडच्या मोठ्या साहेबांनी बोलावून आणलं त्याला. तारेतून त्याचा आवाज लहान मुलासारखा येत होता. त्यानं विचारलं, "येऊ का?" आणि ती म्हणाली, "नको. तू तुझं काम पुरं कर." तो नाही आला. तिनं नको म्हटलं आणि त्यानं ऐकलं, एवढीच काय ती हकिगत. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर तोही असाच वागला असता, हे तिला समजत होतं, आणि समजूनही आत कुठेतरी एक बाई पंचवीस वर्षं दाराकडे बघत बसली होती, की हा वेडा ऐकणार नाही, येईलच. ती बाई त्या रविवारी उठली असणार आणि तिनंच हात वर केला असणार. गुरुवारी संध्याकाळी भांडी घासताना तिला हे इतकं लख्ख कळलं की हातातली बशी तिनं पुन्हा पुन्हा धुतली.

शनिवारी दुपारी जुन्या अध्यक्षांच्या निरोपाचं जेवण होतं. आणि तिथे खरा घोळ झाला. कुणी काय आणायचं याची यादी तिच्याकडे असे, रविवारी सभेनंतर ती फिरवायची, कुणी आमटी लिहायचं, कुणी भात, कुणी गोड. या रविवारी यादी तिच्या पर्समध्येच राहिली, आणि तिला ते आठवलंसुद्धा नाही. ज्यानं त्यानं मनाशी धरलं की जेवणाचं बाकीचे बघतील, आपण काहीतरी गोड नेऊ. दुपारी साडेबारापर्यंत लांब टेबलावर सात केक, दोन पुडिंग, एक फळांचा मोठा वाडगा आणि बिस्किटांचे चार डबे जमले होते. शेवटचा डबा उघडला तेव्हा सगळ्यांनी आशेनं माना पुढे केल्या. जिलेटीनचं हिरवं काहीतरी निघालं. मग जुने अध्यक्ष, त्यांना साखरेचा आजार, खुर्चीत बसून पोट धरून हसायला लागले, आणि ते हसले म्हणून सगळी खोली हसायला लागली. ती तेवढी भिंतीशी उभी राहिली, कान लाल झालेले. आठवडाभरात दुसरी चूक. आता हिच्याकडून कसलंच काम होणार नाही असं वाटत असेल सगळ्यांना.

तेवढ्यात जिन्यात धाप ऐकू आली आणि भाऊ एक भलंमोठं पातेलं दोन्ही हातांनी धरून वर आला, झाकणावर टॉवेल बांधलेला. यादी आलीच नाही तेव्हाच मला वाटलं की गोडाचा महापूर येणार, असं त्यानं बायकोला सांगितलं होतं म्हणे, आणि सकाळपासून चुलीपुढे उभा होता. सूप होतं. साधं, भाज्यांचं. एकवीस माणसांना वाटी वाटी पुरलं, पावाबरोबर. तिनं पहिला घोट घेतला आणि थांबली. तळाला कांदा करपवलेला होता. चुकून नव्हे, मुद्दाम, काळा होईपर्यंत आणि मग पाणी घालून सोडवलेला. आई तसं करायची. हे तिला येत नव्हतं. तिनं कितीदा करून पाहिलं होतं, प्रत्येक वेळी नुसतं करपायचं. यानं कधी शिकून घेतलं? तिनं वाटी पुसून खाल्ली आणि पातेलं उचलून आतल्या मोरीत नेलं, कारण बाहेर थांबली असती तर सगळ्यांसमोर रडली असती.

तो मागून आला, हातात फडकं. ती घासत होती, तो पुसत होता. बाहेर सात केकांची वाटणी चालली होती, मास्तरीणबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर. तो म्हणाला, भगिनी, ते पातेलं जड आहे, मी घेतो. आणि ती पाण्यातून हात न काढताच म्हणाली, "इथे कुणी नाहीये. ताई म्हण."

तो पातेल्याचा काठ पुसत राहिला, पुसून झालेलाच. मग म्हणाला, "तूच बंद केलंस ना."

मी? ती त्याच्याकडे वळली.

"मी परत आलो तो पहिला रविवार. तू इथे दारात उभी होतीस, सगळ्यांचं स्वागत करायला. आईला जाऊन दोन महिने झाले होते. मी जिन्यातून धावत वर आलो, आणि तू माझा हात हातात घेऊन म्हणालीस, या बंधू, आत बसा. या. बसा. मला वाटलं, झालं. मी आता हिचा भाऊ राहिलो नाही, बंधू झालो. मग मीही भगिनी म्हणायला लागलो. दुसरं काय म्हणणार?"

तिला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. पण ती म्हणाली असणार. त्या दिवशी दारातून वीस माणसं आत आली असतील आणि प्रत्येकाला ती तेच म्हणाली असेल, या बंधू, या भगिनी, श्वास घ्या, रोखा, सोडा. तोंड सवयीनं चालू आणि मन कुठेतरी काचेमागे. आईला अहो-जाहो केलं तसंच. आई निदान हसली होती. हा एकवीस वर्षांचा पोरगा हसला नाही, ऐकून बसला, नेहमीसारखा. आणि ती पंचवीस वर्षं समजत राहिली की यानं देवाच्या नादी लागून ताई टाकली. तिला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदम, आणि नाक पुसायला हात साबणाचा.

ती म्हणाली, "हात चुकूनच वर गेला रे. पण नुसता चुकून नाही गेला. तुझ्यावर राग होता त्यात. मी नको म्हटलं आणि तू ऐकलंस, त्याचा."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मी तुझ्या जागी असतो तर दोन्ही हात वर केले असते."

मग त्यानं सांगितलं की फोन ठेवल्यावर तो तिथल्या जिन्यात बसला होता, बॅग भरून, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. पुन्हा फोन येईल, ताई म्हणेल ये, म्हणून. ती म्हणाली नाही. तीही इकडे फोनजवळच बसली होती, हे तिनं सांगितलं. ती पुन्हा घासायला लागली, तो पुन्हा पुसायला. पातेलं इतकं चकचकीत झालं की त्यात दोघांची तोंडं वाकडी तिकडी दिसत होती. शेवटी तिनं विचारलं, कांदा किती वेळ ठेवायचा? तो म्हणाला, आता काढावा असं वाटलं की मनात शंभर मोजायचे. आईनं त्याला निघायच्या आदल्या दिवशी शिकवलं होतं, परक्या गावात उपाशी राहशील म्हणून. तिला शिकवायची वेळ आलीच नाही, ती तर घरातच होती.

रविवारी हॉलमध्ये एकवीसच्या एकवीस. मास्तरीणबाई पहिल्या रांगेत, थेट नाटकाला आल्यासारख्या. पाहुणे अध्यक्ष दीड तास प्रवास करून पुन्हा आले होते आणि या वेळी त्यांनी हातातला कागद दोनदा वाचून घेतला होता. तिनं गीताचं पुस्तक खुर्चीखाली ठेवून दिलं होतं, बाहीला नवं बटण लावलं होतं. पाहुण्यांनी भावाचं नाव घेतलं. पाठिंबा असेल त्यांनी, एवढं ते म्हणाले असतील नसतील, तोच तिचा हात वर गेला. कोपरातून ताठ, बोटं छताकडे. राग गेला होता असं नाही. तो होता, थोडा, आणि त्यालाही तिनं बरोबर घेऊन वर नेलं होतं. हा हात खरा होता, आणि तो इतका हलका वाटला की खाली घ्यावासाच वाटेना. सगळ्यांचे हात वर गेले, खाली आले, तिचा तसाच. मग पाहुण्यांनी घसा साफ केला. कुणाचा विरोध असल्यास, ते म्हणाले, आणि वीस माना एकदम तिच्याकडे वळल्या. तिनं झटकन हात खाली घेतला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसली. पंखा फिरत राहिला. मास्तरीणबाई मोठ्यानं म्हणाल्या, नाही कुणाचा, आणि ज्या खोलीत कधी कुणी सभेत मोठ्यानं हसत नसे ती खोली हसली.

भाऊ उठून पुढे आला. माईक त्याच्या छातीपर्यंतच येत होता, तो वर करायचा राहिला होता, म्हणून वाकला. कागद चाचपला, खिसे चाचपले. मग तसाच वाकलेला, तिच्याकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्यानं विचारलं, "ताई, कितवं पान?"

"एकशे ब्याऐंशी," ती म्हणाली. पुस्तक तिनं उचललंच नाही. ती सगळ्यांसमोर जाऊन उभी राहिली, उजवा हात वर केला, आणि एकवीस जणांनी एकदम श्वास घेतला. रोखा म्हणायचं तिच्या मनातही आलं नाही. तिनं हात खाली आणला आणि मंडळी गायला लागली.